आर्थर अ‍ॅशचा १९७५ चा हंगाम

टेनिसची बातमी आली की आपल्या घरांत पान उलटले जाते. श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय त्याचे! तरीही पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या १९७५ सालच्या हंगामाची हकीकत आम्ही वाचकांच्या मुलामुलींना मुद्दाम सांगणार आहोत.

अमेरिकेच्या रिचमंड शहरात आर्थर अ‍ॅशचे वडील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या बागेचे रखवालदार होते. त्याच बागेत तो खेळायला शिकला, कारण शहरातील चांगल्या कोर्टांवर फक्त गोऱ्यांना प्रवेश. असली बंदी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्या वर्षी मे महिन्यात डल्लास येथे अ‍ॅशने बोर्गला हरवून मोठी स्पर्धा जिंकली. तरी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याची बाजू कोणी धरेना. वय बत्तिशीला टेकलेले. समोर बावीस वर्षांचा जिमी कॉनर्स, गतविजेता, स्पर्धेत एकही सेट न गमावलेला. आधीच्या तिन्ही लढती त्यानेच जिंकलेल्या. शिवाय अ‍ॅश खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष, तर कॉनर्स संघटनेबाहेर राहून तिच्यावर दावे लावणारा!

५ जुलैला सामना झाला. अ‍ॅशचा मूळ खेळ जोरदार फटक्यांचा. पण समोरच्याच्या जोरावर कॉनर्सचा खेळ पोसतो, हे त्याने ताडले होते. म्हणून त्याने आपला जोरच काढून घेतला. चेंडू हळू आणि खाली ठेवायचा, सर्व्हिस कॉनर्सला कोर्टाबाहेर ओढील अशी करायची, तो जाळीजवळ आला की डोक्यावरून उंच टाकायचा. बाजू बदलताना हा गडी खुर्चीवर डोळे मिटून बसे! ६-१, ६-१. तिसरा सेट ५-७ असा गेला, चौथ्यात ०-३ अशी पिछाडी. इथे भलेभले बिथरतात. अ‍ॅशने तो सेट ६-४ असा घेतला आणि विम्बल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला.

वर्षाअखेरीस स्टॉकहोमला मात्र हा शांत माणूस भडकला. नास्तासेचे चाळे थांबेनात, तेव्हा आघाडीवर असतानाही अ‍ॅश सामना सोडून चालता झाला. दुसऱ्या दिवशी सामना त्यालाच बहाल झाला. आम्हाला हा रागही विम्बल्डनच्या विजयाइतकाच आवडतो.

अ‍ॅश १९९३ मध्ये वारला. १९९६ मध्ये मालिवाय वॉशिंग्टन हा कृष्णवर्णीय खेळाडू विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचला, पण हरला. २०२५ पर्यंत तरी ते विजेतेपद दुसऱ्या कृष्णवर्णीय पुरुषाला मिळालेले नाही.