उभे विमान आणि वळवाचा वारा

विमानाला वाऱ्याचे भय असते ते आकाशात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. लहान विमानांच्या बाबतीत ती अपुरी आहे. बारामती, धुळे, गोंदिया येथे वैमानिकांचे शिक्षण ज्या दोन-चार आसनी विमानांवर चालते, ती विमाने एप्रिल-मे महिन्यांत वळवापूर्वी सुटणाऱ्या वावटळीत उभ्या जागी उलटू शकतात.

याचे कारण साधे आहे. विमान पळते आहे की वारा, हे पंखाला कळत नाही. सेसना १७२ या विमानाचे रिकामे वजन सुमारे ७५० किलो, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीइतके. पंखांचा विस्तार मात्र ११ मीटर. भरलेले विमान नाक वर करून ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने जात असले, तरी हे पंख त्याला तोलून धरतात. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळात कुलाब्यास ताशी ११४ किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले होते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. तेव्हा मोकळे सोडलेले विमान उचलले जाण्यास चक्रीवादळच यावे लागते असे नाही.

उपाय जुना आहे आणि स्वस्तही. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभे करावे, चाकांना अडण्या लावाव्यात, सुकाणूची हलती पाती जखडावीत आणि दोन्ही पंख व शेपूट दोरांनी जमिनीला बांधावे. दोर कोणता, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. नैसर्गिक तंतूंचा दोर भिजला की आखडतो, हे गोठ्यातील दावे सोडणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास ठाऊक असते. असा दोर ताठ बांधला, तर पहिल्याच सरीत पंखावर नको तो ताण येतो. उलट दोर फार सैल राहिला, तर विमान उसळी घेते आणि प्रत्येक हिसक्यासरशी गाठ खिळखिळी होते. म्हणून नायलॉनचा दोर आणि इंचभर ढील. दोर ज्या कडीत ओवायचा, ती काँक्रीटमध्ये पुरलेली हवी. भुसभुशीत मातीतील खुंटीचा भरवसा नाही.

काही आपत्ती खरोखरीच आस्मानी असतात. ३१ मार्च २०११ रोजी फ्लोरिडातील लेकलँड येथे हौशी वैमानिकांच्या मेळाव्यावर घूर्णवात आला व सुमारे ५० विमानांची हानी झाली. तेथे दोराला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु वळवाचा वारा दरवर्षी येतो. आपले हवामान खाते तीन तासांपर्यंतचे तात्कालिक अंदाजही देते. तरीही विमान उलटल्यावर ‘निसर्गापुढे इलाज नाही’ असे म्हणणे ही शुद्ध सुलतानी होय.

या हयगयीच्या मुळाशी, आमच्या मते, आपली जुनी खोड आहे: उड्डाण हे वैमानिकाचे काम आणि दोर बांधणे हे मदतनिसाचे! गाठ तपासून नोंदवहीत सही करणे ही विद्यार्थ्याचीच जबाबदारी ठरवावी आणि प्रशिक्षणाच्या प्रत्येक धावपट्टीलगत पक्क्या कड्या बसविल्याखेरीज तेथे विमाने उभी करू देऊ नयेत. घरची जमीन गहाण ठेवून शिकणारी मुले एका मोडक्या विमानापायी महिनोन्‌महिने खोळंबतात. शिवाय सुटलेले विमान एकटे मोडत नाही. शेजारी नीट बांधून ठेवलेल्या विमानावरही ते जाऊन आदळते.