पह्यले पाणी, मंग आग

माझे बाबा मूर्तिजापूरच्या शेडमध्ये फायरमन होते. सकाळची गाडी असली की घर रात्रीच सोडायचे. वाफेचं इंजिन काही किल्ली फिरवून सुरू होत नाही. बॉयलरमधलं पाणी बघायचं, तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि लाकडं पेटवायची, वर हळूहळू कोळसा पसरायचा आणि तासन्‌तास थांबायचं. घाई केली की पत्रे एकदम तापतात, नळ्यांचे सांधे गळू लागतात. लहानपणी एकदा मी त्यांच्यामागं शेडमध्ये गेलो आणि भट्टीतल्या जाळाकडे बघत उभा राहिलो. बाबा म्हणाले, "आगीकडे काय पायतं लेका? पह्यले पाणी पाय, मंग आग." काचेच्या नळीतलं पाणी फार खाली गेलं तर भट्टीचं छत उघडं पडतं, तिथला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ थेट आगीवर सुटते. तोवर फायरमनची अब्रू गेलेली असते.

हे आठवलं ते शकुंतलेमुळे, म्हणजे आमच्या नॅरोगेज गाडीमुळे. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला, पाऊणशे किलोमीटरचा. दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, 113 किलोमीटर. रुळांची रुंदी अडीच फूट. हे रूळ किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने 1910 मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. ('इंग्रजायले अजून भाडं जाते' ही गोष्ट आपल्याकडे फार रंगवून सांगतात. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे आली, हे कोणी सांगत नाही.) इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं, 1923 पासून इथं धावलेलं. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा आणि तो वाहायला तिथूनच इंजिन आलं. आमच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं तो हिशेब वेगळा. पण ते इंजिन सत्तर वर्षं टिकलं, ते मँचेस्टरच्या पोलादामुळे जितकं, तितकंच मूर्तिजापूरच्या हातांमुळे. 15 एप्रिल 1994 ला त्याची जागा डिझेलने घेतली. आता तर गाडीच बंद आहे, रूळ गवतात गेलेत आणि आम्ही ब्रॉडगेजच्या घोषणा ऐकतो आहोत.

ब्रॉडगेज व्हायलाच हवी. अचलपूरच्या पेशंटला अकोल्याला जायचं असतं आणि दर्यापूरच्या मजुराला एसटीचं तिकीट परवडत नाही. त्यांच्यापुढे जुन्या इंजिनाचे गोडवे गाणं मला जमणार नाही. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव अंजनगाव तालुक्यातलं, लहानपण गेलं ते मामाचं दापुरा मूर्तिजापूर तालुक्यातलं. हे दोन्ही तालुके या एका रुळाने बांधलेले होते. तो धागा आधी जोडा.

माझं भांडण पुढच्या सूचनेशी आहे. 'इंजिनाची आठवण म्हणून एक चौथरा बांधू, रंग देऊ, कारंजं लावू.' चौथऱ्यावरचं इंजिन आतून मरतं. धुरांड्याला झाकण नसलं की पावसाचं पाणी आत साचतं, राखेत मुरतं आणि पत्रा खातं. वरून मात्र काळा रंग आणि लाल पट्टा झकास. पोरं सेल्फी काढतात आणि त्यांना वाटतं हे डब्यासारखं काहीतरी लोखंड होतं. नेरळ-माथेरानला तर डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं. मला ते पितळेला सोन्याचा मुलामा दिल्यासारखं वाटतं.

आणि चालतं इंजिन ठेवणं अशक्य आहे म्हणाल, तर तेही खोटं. 1855 चं 'फेअरी क्वीन' हे वाफेचं इंजिन पेरांबूरच्या कारखान्यात दुरुस्त होऊन 1997 मध्ये पुन्हा धावलं, दिल्ली-अलवर मार्गावर. निलगिरीच्या डोंगरी गाडीसाठी तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात वाफेची नवी कोरी इंजिनं बनवली. म्हणजे बॉयलर बांधणारे हात देशात आहेत. लाकडी नमुना करून सुटा भाग ओतून घेणं, चाकांची कड लेथवर उतरवणं, नळ्या बदलून पाण्याच्या दाबाखाली बॉयलर तपासणं, हे अमरावती-अकोल्याच्या आयटीआयमधल्या पोरांना शिकवता येईल. अशा कामाला पैसा लागतो आणि तिकिटातून तो निघणार नाही, हे आधीच कबूल करतो. वाचनालयाचा खर्च तरी कुठे वर्गणीतून निघतो?

म्हणून रूळ उखडायच्या आधी एवढंच ठरवा: मूर्तिजापूर ते लाखपुरी हा तुकडा आणि शेड जशी आहे तशी सोडा. नॅरोगेजचं एक इंजिन कुठूनही आणा, रविवारी दोन फेऱ्या मारा. पण रंगाऱ्याला बोलावण्याआधी जुन्या फायरमनला बोलावा.

बाबा गेले. त्यांच्या पाळीतले दोघं मूर्तिजापुरातच आहेत, दोघंही ऐंशीच्या पुढचे. एकाला आता इंजिनाचं पायदान चढवणार नाही. पण बॉयलरला पाणी पुरवणारा इंजेक्टर पाणी नीट घेतो आहे की नाही, हे तो खाली उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगेल. त्याला विचारायला अजून कोणी गेलेलं नाही.