आधी जाळी, मग फोन

आमच्या घरात बिघडलेल्या यंत्राकडे पाहण्याची एक ठरलेली पद्धत आहे. मी कमरेवर हात ठेवून पाहतो, चिरंजीव चार बटणं दाबून पाहतात आणि सौ. आम्हा दोघांकडे पाहते. परवा कपडे धुण्याचं मशीन पोटात पाणी घेऊन गप्प बसलं, तेव्हाही तसंच झालं. समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त इंजिनिअर धावत आले आणि यंत्राला हात न लावताच म्हणाले, "अजिबात उघडू नका हं! वॉरंटी जाईल."

'वॉरंटी' हा शब्द ऐकला की मध्यमवर्गीय माणूस पारोशाने देवघरापासून उभं राहावं तसा लांब उभा राहतो. मीही राहिलो. फोन केला. 'आज येतो' म्हणणारा मेकॅनिक पाचव्या दिवशी उगवला. म्हणाला, "भुकूम लांब पडतं हो काका!" चांदणी चौक सोडला, भूगाव ओलांडलं की आलं भुकूम. पण घर घेताना जे 'पुण्याला अगदी लागून' असतं, ते मेकॅनिक बोलावताना थेट कोकणात जातं.

त्याने मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं, एक चकती फिरवली आणि आतून पाच रुपयांचं नाणं, एक हेअरपिन आणि माझ्याच शर्टाचं बटण काढलं. वेळ सात मिनिटं, बिल साडेचारशे रुपये. नाणं परत मिळालं, म्हणजे निव्वळ खर्च चारशे पंचेचाळीस. बी.कॉम. झाल्याचा एवढा तरी उपयोग!

तेव्हापासून माझं या 'हात लावू नका' पंथाशी उघड वैर आहे. मी पुस्तिका काढून वाचली. त्यात ही जाळी अधूनमधून घरीच साफ करा, असं स्पष्ट छापलंय. म्हणजे कंपनी 'उघडा' म्हणते आणि शेजारी 'वॉरंटी जाईल' म्हणतात! आणि हे गूढ कसं वाढवतात, ते मला ठाऊक आहे. मी स्वतः बँकेच्या खिडकीमागे बसतो. एका सहीच्या कामाला 'उद्या या' म्हणताना चेहरा किती गंभीर करायचा, हे मला कोणी शिकवू नये.

तेव्हा ऐका. पाणी बाहेर जात नसेल, तर प्लग काढा, पाणी गरम असल्यास निवू द्या, खाली ताट लावा आणि ती चकती हळूहळू फिरवा. पाणी आतच येत नसेल, तर नळ बंद करून नळी सोडवा. तिच्या टोकाशी चिमुकली जाळी असते, ती जुन्या टूथब्रशने घासा. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याची रेती तिथे जमते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीत सत्याग्रह झाला, सेनापती बापट ज्यासाठी तुरुंगात गेले, त्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज करतं. आणि त्याच तालुक्यात माझं मशीन टँकरची वाट बघतं! त्यातून आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावर, म्हणून पाणी जोरात येईल असा माझा समज. पण दहा मीटर उंचीमागे एक किलो दाब, हा हिशेब. आमची टाकी तीन मीटरवर. दोष मशीनचा नाही, उंचीचा.

पिळताना मशीन नाचायला लागलं, तर आत एकटी सोलापुरी चादर गोळा होऊन बसली आहे का बघा. नाहीतर पाय कमीजास्त आहेत. दार उघडत नसेल, तर दोन मिनिटं थांबा. आत पाणी असेतो ते उघडणार नाही, आणि तेच बरं. फेस बाहेर आला, तर पावडर कमी घाला.

"अहो, मग मेकॅनिकने खायचं काय?" असं विचारतील. त्याला खरं काम द्या. बेअरिंग खडखडलं, मशीनला हात लावून झिणझिण्या आल्या, जळका वास आला, की प्लग काढून त्यालाच बोलवा. तिथे शौर्य नको. पण नाणं काढायला त्याला भुकूमपर्यंत पळवणं हा त्याचाही अपमान आहे. केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टलही काढलं. उत्तम झालं. पण हक्क सरकारने दिला, तरी कंबर आपल्यालाच वाकवावी लागते.

आणि खरं सांगू? मला साडेचारशे रुपये सलत नाहीत. सौ.चं मनगट दुखतं, म्हणून तर ते मशीन घेतलं. तरी त्या पाच दिवसांत चादरी तिनेच पिळल्या, आणि मी मात्र "फोन केलाय की!" एवढंच काम केलं. सात मिनिटांचं काम होतं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ताट घेऊन जमिनीवर बसतो. कमरेवर हात ठेवून सौ. उभी असते. परवा मी विजयी मुद्रेने दोन रुपयांचं नाणं वर धरलं, तर म्हणाली, "अहो, पण कपडे टाकायच्या आधी खिसे तपासले तर?"

याचं उत्तर पुस्तिकेत सापडलं नाही.