जुने संगणक भंगारात टाकण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज १० या संगणकप्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षांत आमच्या शाळा, पंचायती, पतसंस्था, वाचनालये आणि घरे यांच्या अंगवळणी पडली होती. देखभाल थांबली म्हणून संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. प्रणालीत सापडणारी भगदाडे बुजविण्याचे काम तेवढे थांबले. परंतु दाराची कडी मोडलेल्या घरात किती दिवस निर्धास्त निजावे यालाही मर्यादा असतेच. सर्वसामान्य ग्राहकांना कंपनीने वाढीव मुदत देऊ केली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. नवी विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे शरीराने धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे केवळ कागदोपत्री म्हातारी ठरली आहेत.

ही यंत्रे भंगारात काढून नव्यांची खरेदी करावी, असा सोपा मार्ग संस्थाचालकांना सुचविला जाईल. खरेदीची घाई ज्यांना सदैव असते, त्यांना तो आवडेलही. आमच्या मते तत्पूर्वी दुसऱ्या मार्गाचा प्रामाणिक विचार झाला पाहिजे. तो मार्ग लिनक्सचा आहे.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजचे लिनक्स उभे राहिले. प्रणाली हव्या त्या कामासाठी चालवावी, तिची रचना अभ्यासावी, तीत बदल करावा आणि ती इतरांना वाटावी, असे चार अधिकार वापरणाऱ्याला देणे हे या चळवळीचे ब्रीद आहे. इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द असल्याने तेथे या चळवळीचा अर्थ वारंवार समजावून सांगावा लागतो. मराठीत ती अडचण नाही. लिनक्स बहुधा फुकट मिळते हे खरे. पण त्याचे खरे मोल ते मुक्त आहे यात आहे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही, याचा धडा आपल्या देशाला जुलै २०२५ मध्ये मिळाला. युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर गुजरातमधील वाडीनारची तेलशुद्धीकरण कंपनी नायरा एनर्जी हिच्या सेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी खंडित केल्या. भारतात नोंदलेल्या, भारतीय कायद्याने चालणाऱ्या कंपनीला आपल्याच पत्रव्यवहारासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सेवा काही दिवसांत पूर्ववत झाल्या. पण परक्याच्या हाती दिलेली किल्ली तो कधी फिरवील याचा भरवसा नसतो, हे त्यातून पुरते उघड झाले. ज्या भूमीने साडेचारशे वर्षे दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे म्हणजे काय हे अनुभवले, तिला ही गोष्ट विस्ताराने सांगण्याची गरज नसावी.

गोव्याला मुक्त प्रणालीची कल्पना परकी वाटू नये. गावकरी पद्धतीत खाजन जमिनीचा बांध साऱ्या गावाचा होता. त्याचा लाभ सर्वांना आणि राखणीचा भारही सर्वांवर असे. हा भार विसरला की काय होते, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. असंख्य लिनक्स संगणकांवर वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या लहानशा साधनाची राखण वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा स्वयंसेवक करीत होता. मदतनीस म्हणून आलेल्याने त्याचा विश्वास संपादून त्यात चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरताना अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब जाणवला, त्याने खोल जाऊन पाहिले आणि अनर्थ टळला. लिखाण उघडे होते म्हणून त्याला ते तपासता आले. परंतु बांध एकट्यावर सोपवून गावाने झोपी जाऊ नये, हाही त्यातला बोध आहे.

शासनाने मनावर घेतले तर काय साधते, हे केरळने दाखविले. तेथील शाळांसाठी २००१ मध्ये सुरू झालेल्या संगणक शिक्षण प्रकल्पाने पुढे मुक्त प्रणाली स्वीकारली, मलयाळम भाषेची सोय केली आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण दिले. याउलट, जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार संगणक त्यावर आणले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार शासकीय संगणकांवर मुक्त प्रणाली आणण्याचे जाहीर केले. यशापयशाचे कारण प्रणालीत कमी आणि चालविणाऱ्यांच्या चिकाटीत अधिक असते, असाच निष्कर्ष यातून निघतो.

मराठी माणसासाठी यात आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. आमच्या कितीतरी लेखकांची हस्तलिखिते, संस्थांची इतिवृत्ते आणि देवस्थानांचे हिशेब युनिकोडपूर्व खासगी फॉन्टांत टंकलेले आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अक्षरांचा नुसता शेणसडा दिसतो. लिहिणारा आपण आणि वाचण्याची परवानगी दुसऱ्याची, अशी ही अवस्था. युनिकोड अक्षरे आणि ओडीएफ हे खुले दस्तऐवजस्वरूप वापरले तर ही नामुष्की टळते. ओडीएफला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळालेली आहे, आणि त्यावर चालणारे लिबरऑफिस मराठीतही उपलब्ध आहे.

ज्यांना प्रयोग करावयाचा आहे, त्यांना आमचे सांगणे एवढेच की उतावीळ होऊ नये. प्रथम आपल्या साऱ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. नवख्यांना लिनक्स मिंट सोयीचे पडते; त्याला दोन जीबी स्मृती लागते, चार असल्यास उत्तम. त्याहून अशक्त यंत्राला लुबुंटूसारखी हलकी प्रणाली पाहावी. पेन ड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते, मूळ विंडोजला धक्काही लागत नाही. तेवढ्यात आपला छापयंत्र, वायफाय आणि मराठी टंकन नीट चालते की नाही हे तपासावे. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे किंवा ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते, त्यांनी आधी जाणकाराला विचारावे; टॅली मुळात विंडोजसाठीच घडविलेली आहे आणि तेवढ्यापुरता एक संगणक राखून ठेवण्यात कमीपणा नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच शासकीय कामकाजात मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. सी-डॅकने घडविलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासून अस्तित्वात आहे. तेव्हा धोरण नाही किंवा साधन नाही, ही सबब कोणालाही सांगता येणार नाही. गोवा सरकारला आमची सूचना अशी की, कोणताही शासकीय वा अनुदानित शाळेतील संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालते का याची तपासणी सक्तीची करावी. प्रत्येक तालुक्यातील काही शिक्षकांना त्याचे रीतसर शिक्षण द्यावे आणि नव्या यंत्रांवर वाचलेल्या पैशाचा काही भाग याच कामी राखून ठेवावा. प्रशिक्षणाविना नुसती परिपत्रके काढली तर म्युनिकची पुनरावृत्ती होईल आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी मारला जाईल. वाचनालयांनी आणि देवस्थान समित्यांनी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांच्या कपाटात धूळ खात पडलेला एखादा जुना संगणक आजही गावातील मुलांच्या कामी येऊ शकतो. तो बाहेर काढून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.