पाझर कोणाच्या विहिरीला?

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या गावोगावी जी कामे निघाली, त्यांपैकी पाझर तलावाचे मला विशेष कौतुक वाटते. कारण आपल्यापाशी पाणी राखून ठेवण्याची त्याला हौस नसते, ते जमिनीत मुरून बांधाखालच्या विहिरींना उतरावे यातच त्याचे साफल्य असते. अशी कामे काढून गरजूंना मजुरी देण्याच्या ज्या कल्पनेचा प्रयोग वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात केला, तिला 1977 च्या कायद्याने रोजगार हमीचे रूप आले आणि मागेल त्याला काम देणे हे सरकारच्या मर्जीचे न राहता कर्तव्य ठरले. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापला जाणारा व्यवसाय कर मूळचा याच योजनेसाठी बसविला गेला, हे त्या कपातीवर कुरकुरणाऱ्या आम्हां मंडळींना बहुधा ठाऊक नसते.

ग्रामविकासाने खेड्याचे हित होते, याविषयी वाद नाही. परंतु खेडे म्हणजे एकच एक असामी नव्हे. बांधावर माती वाहणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावर चढले, तिला आठवड्याची मजुरी मिळाली, चूल पेटली, हे थोर कार्यच होय. मात्र पाझर उतरला तो ज्याच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होती त्याच्याकडे, आणि पाहता पाहता तिथे ऊस उभा राहिला.

ही विसंगती ज्यांना मनापासून खुपली, त्या विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायत उभी केली आणि पाण्याची वाटणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर ठरविली : माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, उसाला मनाई, आणि भूमिहीनालाही हिस्सा. ज्याला जमीनच नाही त्याने पाणी घेऊन करायचे काय, असा प्रश्न शहाण्या माणसांनी जरूर विचारावा. पण ज्याच्या हाती पाण्याचा हक्क आहे तो जमीनमालकाशी वाट्याने शेती करण्याची बोलणी निराळ्या आवाजात करतो, हे खेड्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

अलीकडे नाले खोल करण्याची, बंधारे बांधण्याची कामे जोरात होतात, होवोत. माझी मागणी लहान आहे. उद्घाटनाच्या दिवशी, हारतुरे उरकल्यावर, त्या बंधाऱ्याखालच्या विहिरींची आणि त्यांच्या मालकांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, आणि तिच्या शेजारी हजेरीपटही ठेवावा.