फाइल मुलाची, धावपळ आईची

दिव्यांग प्रमाणपत्राचा वार असला की जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात सकाळपासून आया येऊन बसतात. बहुतेक जणी पहाटेच्या एसटीने आलेल्या. एका हातात प्लास्टिकची फाइल, दुसऱ्या हातात मुलाचे मनगट. स्वमग्न मुलाला तो गलका सोसत नाही. ते कानांवर हात घट्ट दाबते, मध्येच उठून दाराकडे पळत सुटते. आई मागे धावते, त्याला कसेबसे समजावून परत आणते, तोवर तिचा नंबर पुकारून झालेला असतो. तज्ज्ञ डॉक्टर आज येणार नाहीत, असे दुपारी कळले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच एसटी आणि पुन्हा बुडालेली मजुरी.

हक्कांची भाषा आपल्याकडे कमी नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. कायद्यात ठरवलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तर महाराष्ट्राने वाटच दाखवली. अशा मुलाची गोष्ट सांगणारा ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट 2007 मध्ये आला. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याचा निर्णय राज्याने 1996 मध्येच घेतला होता.

मात्र हक्क कागदावरून वर्गापर्यंत नेण्याचे काम घरच्यांवर, त्यातही आईवर सोडलेले आहे, आणि त्या कामाची नोंद कुठेच होत नाही.

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्रच घ्या. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी तपासणी आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि पुन्हा अठराव्या वर्षी ठरवली. दर वेळी चाचण्या, तारखा, शाळेचे पत्र आणि जुन्या कागदांच्या झेरॉक्स. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांची तरतूद आहे. दिवसाला दहा रुपयेही पडत नाहीत. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता हे शब्द त्याच योजनेतले. प्रत्यक्षात हा मदतनीस म्हणजे बहुधा आईच. मुलाला वर्गात बसवून ती फाटकाबाहेर झाडाखाली थांबते, कारण शौचालयात न्यायला, डबा भरवायला शाळेत दुसरे कोणी नसते.

शाळेत ही कामे करणारी आणि शिकवणारी प्रशिक्षित माणसे हवीत. प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. तरीही 2025 मध्ये राज्यांना पदे जाहीर करण्याचा आदेश न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. शिक्षक नसला की शाळा पालकांना बोलावते. ‘वर्गात बसत नाही’, ‘इतर पालक तक्रार करतात’, ‘घरीच जास्त लक्ष द्या’, हे ऐकून बाहेर पडणारी आई स्वतःलाच दोषी धरू लागते.

या देशातल्या कित्येक चांगल्या संस्था अशाच आयांनी उभ्या केल्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या आईने, मिठू अलूर यांनी, 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. दिल्लीत मेरी बरुआ यांच्या ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’मागेही आईचीच धडपड होती. ‘आमच्यानंतर याचे कसे?’ या प्रश्नातून पालकांनी डोंबिवलीजवळ खोणीला ‘घरकुल’ हे निवासगृह उभारले. ही माणसे मोठीच. पण आपल्या मुलाला शाळा मिळावी म्हणून प्रत्येक आईने संस्थाच काढावी, अशी अपेक्षा कुठलाही समाज ठेवू शकत नाही.

नोकरी करणाऱ्या आईलाही मुलासाठी वेळ झगडूनच मिळवावा लागतो. हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका आईचा मुलगा हाडांच्या दुर्मिळ आजाराने ग्रस्त होता. बालसंगोपन रजा नाकारली गेल्याने ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नव्हे, ती संविधानाची गरज आहे, अशी भूमिका न्यायालयाने 2024 मध्ये घेतली. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अशी रजा 730 दिवसांपर्यंत मिळते आणि मूल दिव्यांग असेल तर वयाची अट नाही. पण कारखान्यात, दुकानात, शेतात राबणाऱ्या आईने रजा कोणाकडे मागायची?

म्हणून मदतीचा हिशेब मुलाबरोबर कुटुंबाचाही व्हायला हवा. प्रमाणपत्रासाठी दिवस आणि वेळ आधी कळवावी, सगळे तज्ज्ञ त्याच दिवशी हजर असावेत आणि तपासणी तालुक्याच्या गावी व्हावी. फाटकाबाहेर थांबणाऱ्या पालकाला मदतनीस भत्ता वेळेवर आणि पुरेसा मिळावा. निदान झाल्याच्या दिवशीच, पुढे कुठे जायचे आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचे काय करायचे, हे शांतपणे सांगणारे माणूस गटसाधन केंद्रात असावे. आणि प्रत्येक तालुक्यात एक विसावा केंद्र हवे. तिथे प्रशिक्षित माणसांच्या हाती मूल सोपवून आईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल. त्या दुपारी ती स्वतःचा रक्तदाब तपासून घेईल, धाकट्या मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला जाईल, किंवा नुसती झोपेल.