खेळातील नग्नता : लिहायचे की लपवायचे?

या महिन्यात आमच्याकडे एका वाचकाचा लेख आला आहे. लिहिणारा मुलगा एकोणीस वर्षांचा, सणसवाडीच्या एका कारखान्यात शिकाऊ कामगार. व्हिडिओ गेममध्ये दाखवली जाणारी नग्नता हा त्याचा विषय. कोणत्या खेळात ती कथेच्या ओघात येते, कोणत्या खेळात ती निव्वळ गिऱ्हाईक ओढण्यासाठी असते आणि गेमिंगची संकेतस्थळे त्यावर कशा प्रकारचे लेख लिहितात, हे त्याने चांगल्या मराठीत मांडले आहे. लेखासोबत त्याने खेळांतली चार चित्रेही पाठवली आहेत.

संपादक मंडळात यावर दोन तट पडले. काही जण म्हणाले, हा विषय आपल्या अंकात नकोच. जुम्याच्या नमाजनंतर लोक गाठून विचारतील, तेव्हा काय उत्तर देणार? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गोष्टी करतो, तर लेख चित्रांसकट छापा. कापाकापीच करायची तर न छापलेला बरा. मला दोन्ही मते पटत नाहीत. लेख छापला पाहिजे, आणि ती चार चित्रे छापता कामा नयेत. गेमिंगच्या संकेतस्थळांनीही साधारण हाच नियम पाळावा असे मला वाटते. दोन्ही बाजूंना खूश ठेवण्यासाठी मी हे म्हणत नाही. कारणे सांगते.

मी सणसवाडीत राहते. पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मधले हे गाव. आजूबाजूला कारखाने आहेत, आणि त्यांत मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची मुले काम करतात. एका खोलीत चार-पाच जण राहतात. पाळी संपवून आले की करमणूक म्हणजे हातातला फोन. कुणी बीजीएमआय खेळतो, कुणी फ्री फायर, आणि ज्याला महागडा खेळ परवडत नाही तो त्या खेळाबद्दलचे व्हिडिओ पाहतो, लेख वाचतो. त्या लेखांत ‘या वर्षातल्या दहा सर्वांत हॉट नायिका’ अशी यादी असते, आणि खेळातली हिंसा मुलांच्या मनावर काय करते यावरचा गंभीर लेखही असतो. दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक. त्यामुळे हा प्रश्न अमेरिका-जपानचा आहे, आपला नाही, असे म्हणून चालणार नाही.

चित्रपटाला आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. पोस्टरवरचे ‘ए’ पाहून अब्बा मुलाला घरी परत पाठवू शकतात. व्हिडिओ गेमसाठी तसे प्रमाणपत्र देणारे मंडळ आपल्याकडे नाही. परदेशी संस्थांनी दिलेले वयाचे आकडे खेळावर असतात, पण ते वाचणार कोण आणि समजावून सांगणार कोण? खेळात आत काय आहे हे घरच्यांना कळण्याचा मार्ग म्हणजे कुणीतरी तो खेळून पाहणे आणि सरळ शब्दांत लिहिणे. तो लेखच आपण ‘अश्लील’ म्हणून बंद केला तर खेळ बंद होत नाही. फक्त घरातली मोठी माणसे अंधारात राहतात.

जगभरचा अनुभव हेच सांगतो. 2004 साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा खेळ आला. त्याच्या तबकडीत संभोगाचा एक छोटा खेळ लपलेला होता. 2005 मध्ये एका हौशी खेळाडूने तो उघडा केला. रॉकस्टार या कंपनीने सुरुवातीला बाहेरच्या हॅकरांकडे बोट दाखवले. पण त्यावर भरपूर लिहिले गेले, तो मजकूर मूळ तबकडीतच होता हे सिद्ध झाले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत त्या खेळाला ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का बसला. ‘रेपले’ हा जपानी खेळ 2006 मध्ये निघाला. बलात्कार हाच त्याचा विषय. तीन वर्षे तो विकला गेला. 2009 मध्ये त्याच्यावर बातम्या आल्या, तेव्हा ॲमेझॉनने तो विक्रीतून काढला. पुढे स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘इक्वॅलिटी नाऊ’ने मोहीम चालवली. या दोन्ही वेळी गप्प बसण्याने कुणाचेही रक्षण झाले नव्हते. लिहिण्याने झाले.

मराठीत तर हा वाद नव्वद वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि ते 1953 पर्यंत चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, कामजीवन हे त्याचे विषय. मुखपृष्ठावर नग्न चित्रे असत. शरीरात लाजण्यासारखे काही नाही, ही त्यांची भूमिका होती. गंमत अशी, की 1934 चा खटला चित्रांवरून नव्हता. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, त्यांना दोनशे रुपये दंड झाला, आणि मासिक पुढेही चालू राहिले. ज्यांना विषय झाकायचा असतो त्यांना चित्रापेक्षा शब्दाची भीती जास्त वाटते, हे तेव्हाही खरे होते. चित्र माणूस पाहून विसरतो. प्रश्नाचे उत्तर मिळाले की तो पुढचा प्रश्न विचारतो.

नग्न आणि अश्लील हे एकच नव्हेत, हे मुंबईच्या न्यायालयांनीही वेळोवेळी सांगितले आहे. 1954 मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर जहांगीर कलादालनातल्या प्रदर्शनातील चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी, त्यांचीच आणि एफ. एन. सूझा यांची चित्रे कस्टम्स खात्याने अश्लील ठरवून अडवली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील ठरत नाही हे स्पष्ट केले.

मग प्रश्न येतो, की नग्न चित्र आपोआप अश्लील नसेल तर त्या मुलाची चार चित्रे छापायला माझी हरकत का?

याचे उत्तर शोधताना मला कातडी किती दिसते हे मोजणे निरुपयोगी वाटू लागले. 1982 मध्ये अमेरिकेत ‘कस्टर्स रिव्हेंज’ नावाचा खेळ निघाला होता. अटारीच्या त्या जमान्यात पडद्यावर दिसायचे ते फक्त रंगीत चौकोन. शरीर म्हणावे असे त्यात काही ओळखूसुद्धा येत नसे. पण त्या खेळात एका गोऱ्या सेनानीने खांबाला बांधलेल्या आदिवासी स्त्रीपर्यंत पोहोचायचे आणि तिच्यावर जबरदस्ती करायची, की गुण मिळायचे. स्त्रियांनी आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. त्या चौकोनांत नग्नता जेमतेम होती. बाईला बक्षीस म्हणून ठेवणे मात्र पुरेपूर होते.

आपल्या मुलींनी हेच फार जवळून पाहिले आहे. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि 1 जानेवारी 2022 रोजी ‘बुल्ली बाई’ ही ॲप्स गिटहबवर दिसली. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, इतकेच काय, हरवलेल्या मुलासाठी लढणारी एक आई, अशा मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. रचना एखाद्या खेळासारखी. बटण दाबले की कुणाचा तरी फोटो समोर येई. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवला आणि अटका केल्या. पकडलेली मुले अठरा ते पंचविशीच्या आसपासची होती, काही इंजिनिअरिंग शिकणारी. तुमच्याच वयाची.

त्या फोटोंत कुणीही नग्न नव्हते. काहींच्या डोक्यावर ओढणी होती. तरी त्या दिवसांत मी माझा डीपी काढून टाकला होता, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलींनीही. इतके अश्लील काही मी आजवर पाहिलेले नाही. तेव्हापासून माझ्यासाठी कसोटी ठरली आहे : समोरच्या बाईला माणूस म्हणून पाहिले जाते आहे, की वस्तू म्हणून तिची मांडणी केली आहे? आणि तिची संमती होती का?

ही कसोटी गेमिंगच्या संकेतस्थळांना लावून पाहा. 2013 मध्ये ‘बियॉन्ड : टू सोल्स’ हा खेळ आला. त्यातली नायिका जोडी ही अभिनेते एलियट पेज यांच्या चेहऱ्यावरून बनवलेली. खेळात ती अंघोळ करते, पण खेळाडूला तिचे शरीर दिसत नाही. कुणीतरी विकसकांसाठीच्या यंत्रातून कॅमेरा फिरवला आणि तिचे नग्न रूप बाहेर काढले. काही ठिकाणी ती चित्रे बातमी म्हणून झळकली, आणि सोनीला ती काढायला सांगावे लागले. इथे बातमी होतीच : कलाकाराच्या चेहऱ्याखाली त्याच्या माहितीशिवाय असे शरीर बनवावे का? हा आज डीपफेकच्या काळात फार मोठा प्रश्न आहे. पण तो विचारायला ते चित्र दाखवण्याची गरज नव्हती. चित्र दाखवताच लेख प्रश्न विचारणारा राहिला नाही, तो त्याच गैरप्रकारात सामील झाला.

हाच फरक मला आमच्या लेखकाला सांगायचा होता. चित्रकार नग्न चित्र काढतो तेव्हा ते चित्रच त्याचे म्हणणे असते. खेळातल्या प्रसंगातून उचललेली एक चौकट मागचे-पुढचे सगळे गाळून येते. ती शीर्षकाखाली बसली की तिचे काम एकच उरते, बोटाने दाबायला लावणे.

तो म्हणाला, “आपा, चित्रं नसतील तर लेख कोण वाचणार?” प्रश्न रास्त आहे. जाहिरातीवर चालणाऱ्या संकेतस्थळाला रोज हाच प्रश्न पडतो. पण चित्र पाहायला आलेला चित्र पाहून जातो, वाचत नाही. त्याच्या आकड्यावर समाधान मानणे म्हणजे दुकानासमोर गर्दी आहे म्हणून धंदा होतो आहे असे समजणे. शिवाय आमचे काही वाचक पंधरा-सोळा वर्षांचे आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67 अश्लील मजकूर प्रसारित करण्याला पहिल्याच गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड सांगते. कायद्याची रेषा नेमकी कुठे, यावर वकील भांडत राहतील. आपली रेषा आपण त्याआधीच आखलेली बरी.

तेव्हा आमच्या अंकापुरते असे ठरवले आहे. खेळातील नग्नतेवर, बलात्काराच्या चित्रणावर, स्त्री-पात्रांच्या कपड्यांवर लेख छापले जातील. खेळाचे नाव, त्यात काय आहे आणि कोणत्या वयाला ते योग्य नाही, हे स्पष्ट शब्दांत येईल. ‘सायबरपंक 2077’ किंवा ‘बाल्डर्स गेट 3’ यांसारख्या खेळांत नग्नता बंद करण्याची सोय आहे, अशी उपयोगी माहितीही येईल. युक्तिवाद चित्राशिवाय समजणारच नसेल तरच चित्र येईल. शीर्षकात आमिष नसेल. ‘हॉट’ नायिकांच्या याद्या नसतील. आणि खऱ्या स्त्रीचा चेहरा लावून बनवलेले काहीही, कुठल्याही सबबीखाली, दाखवले जाणार नाही; ते कुठे मिळते याचा पत्ताही दिला जाणार नाही.

ज्यांना हा विषयच नको होता, त्यांनाही एक सांगणे आहे. हयेच्या नावाने आपण बहुतेक वेळा मुलींच्या ओढणीवर बोलतो. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. मग मुलग्यांच्या नजरेवर आपल्या घरांत, आपल्या मोहल्ल्यांत चर्चा का होत नाही? बहिणीचा फोन तपासणाऱ्या भावाच्या फोनला पासवर्ड असतो. त्या फोनमध्ये तो काय पाहतो आणि त्यातून बाईबद्दल काय शिकतो, हे त्याच्याशी कुणी बोलत नाही. एका एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःहून त्यावर लिहिले, तर त्याला गप्प बसवणे ही हया नव्हे.

लेख पुढच्या अंकात येईल. तुमचे प्रश्नही पाठवा, नाव न घालता पाठवलेत तरी चालेल. उत्तर आम्हाला माहीत असेल तर आम्ही देऊ. नसेल तर डॉक्टरांना, वकिलांना विचारून देऊ. आणि घरात लहान भाऊ असेल, तर आज रात्री त्याचा फोन हिसकावून घेऊ नका. त्याच्याशेजारी बसा आणि तो कोणता खेळ खेळतो ते त्याला दाखवायला सांगा.